सिस्टिमडी काढून टाकायचं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा : गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तू आयटी बघतोस. डेबियन १२ या लिनक्सचा एक सर्व्हर आहे. मशीन उठताना सगळे प्रोग्रॅम चालू करायचं आणि पुढे सांभाळायचं काम त्यावर सिस्टिमडी करतं. भट्टीचं तापमान आणि वजनकाट्याचे आकडे गोळा करणारा प्रोग्रॅम त्यावर चालतो. गेल्या महिन्यात दोनदा लाइट गेली. दोन्ही वेळा सर्व्हर उठला, पण प्रोग्रॅम उठला नाही, हातानं चालू करावा लागला. सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, ‘हा सगळा सिस्टिमडीचा घोळ आहे, ते युनिक्सच्या तत्त्वातच बसत नाही, डेव्हुआन टाका’ (म्हणजे सिस्टिमडी काढलेलं डेबियन). हे खरं का, सिस्टिमडीच्या आधीच्या स्टार्ट स्क्रिप्ट्स खरंच बऱ्या होत्या का, आणि आता बदलायचं का, असं तू विचारलंस. सोबत युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची हे सिस्टिमडीला सांगणारी) आणि लॉगचा तुकडाही पाठवलास, ते फार बरं केलंस.

बदलू नकोस. तुझा घोळ युनिट फाइलमधल्या दोन ओळींचा आहे आणि तो अर्ध्या तासात सुटेल. पण त्या माणसाचं म्हणणं पूर्ण उडवूनही लावू नकोस. सिस्टिमडीबद्दलच्या तक्रारींत काही अगदी खऱ्या आहेत, फक्त तुझ्या अडचणीशी त्यांचा संबंध नाही. गेली वीसेक वर्षं मी शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरातल्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतोय, दोन्ही काळ हातानं केलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जुन्या स्क्रिप्ट्सचं. ‘साध्या होत्या, वाचता यायच्या’ असं सगळे म्हणतात. वाचता यायच्या हे खरं. २००९ च्या सुमारास शिरोलीतल्या एका फौंड्रीत सेंटओएस ५ या लिनक्सवर असाच तापमान नोंदवणारा प्रोग्रॅम होता. त्याच्या स्टार्ट स्क्रिप्टचं काम एवढंच : प्रोग्रॅमच्या फोल्डरमधली पीआयडी फाइल (चालू प्रोसेसचा नंबर लिहिलेली) उघडायची, त्यातल्या नंबरची प्रोसेस जिवंत आहे का ते बघायचं, असेल तर ‘आधीच चालू आहे’ असं छापून बाहेर पडायचं, नसेल तर प्रोग्रॅम चालू करायचा. पंधरावीस ओळी, कुणालाही समजतील अशा.

एका रात्री अडीचच्या सुमारास लाइट गेली आणि जनरेटर लागेपर्यंत यूपीएसनं दम सोडला. मशीन बंद पडलं आणि थोड्या वेळानं आपोआप उठलं. पीआयडी फाइल डिस्कवर तशीच होती, आत जुना नंबर. नव्या बूटमध्ये तोच नंबर दुसऱ्याच एका प्रोसेसला मिळाला होता. स्क्रिप्टनं नंबर तपासला, प्रोसेस जिवंत दिसली, ‘आधीच चालू आहे’ म्हणाली आणि निघून गेली. तिच्या हिशेबानं सगळं ठीक होतं. सकाळी पाळी बदलताना क्वालिटीच्या माणसानं रिपोर्ट काढला, तर रात्रीच्या सगळ्या हीट्सच्या, म्हणजे भट्टीतल्या एकेका वितळवणीच्या, तापमानाचे रकाने कोरे. कास्टिंग तयार होतं, पण गिऱ्हाइकाला त्यासोबत द्यायचा कागद नव्हता. मालकांनी मला काही बोल लावला नाही, नुसती ती कोरी शीट समोर धरली. ती अजून डोळ्यासमोर आहे.

यातली चूक स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या आळसाची म्हणता येईल. फाइल बूटला पुसायला हवी होती, प्रोसेसचं नाव पडताळायला हवं होतं. पण मूळ दुखणं त्याच्या खाली आहे. जुन्या पद्धतीत डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्रॅम) दोनदा फोर्क होऊन, म्हणजे स्वतःची नक्कल काढून, आईबापांपासून सुटा होतो आणि पीआयडी १ च्या, म्हणजे मशीन उठल्यावरच्या पहिल्या प्रोसेसच्या, पदरात पडतो. पीआयडी १ ला त्याची ओळखदेख नसते. हा प्रोसेस कोणत्या सर्व्हिसचा, त्याची पोरं कोणती, तो मेला तर कुणाला सांगायचं, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक स्क्रिप्टनं आपापली पीआयडी फाइल घेऊन अंदाज बांधायचा. शंभर सर्व्हिस असतील तर शंभर अंदाज.

हे दुखणं जगाला २०१० च्या कितीतरी आधी कळलं होतं. डॅनिअल बर्नस्टाइनचं डीमनटूल्स १९९० च्या दशकातलं. सर्व्हिस सतत नजरेखाली ठेवायची आणि पडली की उचलायची, हेच त्याचं काम. २००५ मध्ये सोलारिस १० मध्ये याच कामासाठी एसएमएफ आलं आणि त्याच वर्षी ॲपलनं मॅकमध्ये लाँचडी आणलं. २००६ मध्ये उबंटूनं अपस्टार्ट आणलं. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, प्रोसेसचे गट बांधणारं सीग्रुप २००८ च्या जानेवारीत २.६.२४ बरोबर आलं. त्याचं मूळ काम गूगलच्या इंजिनिअरांनी केलेलं. सीग्रुपनं मोठी गोष्ट केली : प्रोसेस कितीही वेळा फोर्क झाला तरी आपल्या गटातून सुटत नाही. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये सिस्टिमडी आणलं तेव्हा हे सगळं तयार होतं. त्यांनी ते एकत्र बांधलं. पीआयडी १ ला पहिल्यांदाच ठाऊक झालं की अमुक सर्व्हिसचे हे सात प्रोसेस आहेत. ती शिरोलीची रात्र सिस्टिमडीवर त्या प्रकारे घडली नसती, हे मी ठामपणे सांगतो.

आता तुझी युनिट फाइल. तिच्यात ‘आफ्टर=नेटवर्क.टार्गेट’ आहे, ‘रिस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ आहे, आणि परत उठवण्याआधी किती सेकंद थांबायचं ते सांगणारी ‘रिस्टार्टसेक’ची ओळच नाही. लॉगमध्ये शेवटी ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ असं आलंय. सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. नेटवर्क.टार्गेट म्हणजे नेटवर्क लागलं असा बहुतेकांचा समज असतो. त्याचा खरा अर्थ इतकाच की नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम सुरू झाला. केबलमधून पॅकेट जातंय का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुझा डेटाबेस ऑफिसच्या दुसऱ्या मशीनवर आहे आणि मधे मॅनेज्ड स्विच आहे. लाइट आल्यावर सर्व्हर अर्ध्या मिनिटात उठतो, स्विचला मिनिट-दोन मिनिटं लागतात. प्रोग्रॅम सुरू होतो, डेटाबेस सापडत नाही, एरर देऊन मरतो. सिस्टिमडी त्याला १०० मिलिसेकंदांत परत उठवतं, तो परत मरतो. १० सेकंदांत ५ वेळा असं झालं की सिस्टिमडी हात झटकतं. ही मर्यादा मुळातच ठरवलेली असते. स्विच जागा होईपर्यंत तुझ्या प्रोग्रॅमचे पाचही प्रयत्न संपलेले असतात.

‘सिस्टिमसीटीएल एडिट’ ही आज्ञा देऊन त्या सर्व्हिसवर वेगळी फाइल चढव. मूळ फाइलला हात लावू नकोस, पुढच्या अपडेटला ती पुसली जाईल. वेगळ्या फाइलमध्ये ‘रिस्टार्टसेक=१०’ लिही. दहा सेकंदांनी एकच प्रयत्न होत असेल तर दहा सेकंदांत पाचाची मर्यादा कधी लागणारच नाही, आणि स्विच उठला की पुढच्याच प्रयत्नाला प्रोग्रॅम चिकटेल. ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ मध्ये नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट टाकलंस तर चांगलंच, पण त्याच्यावर विसंबू नकोस. आपल्या मशीनला पत्ता मिळाला इतकंच ते सांगतं, पलीकडचा डेटाबेस जागा आहे हे नाही. खरं तर डेटाबेस नसेल तर थांबून परत विचारायचं, हे प्रोग्रॅमनं स्वतःच करायला हवं. पाच ओळींचं काम आहे आणि ते सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीचं आहे. डेव्हुआन टाकलंस तरी हे दुखणं तुझ्यामागे येईल, कारण तिथंही स्विच दोन मिनिटांनीच उठेल.

आणखी एक दिसलं. ‘टाइप=फोर्किंग’ आणि ‘पीआयडीफाइल’ लिहिलंय. म्हणजे जुनी स्क्रिप्टच नवीन कपडे घालून बसलीय. प्रोग्रॅमला पुढ्यात चालायचा पर्याय असेल, म्हणजे फोर्क न होता, तर तो वापर आणि ‘टाइप=एक्झेक’ कर. ‘एक्झेकस्टार्ट’ बदलताना आधी त्याची एक रिकामी ओळ द्यावी लागते, नाहीतर सिस्टिमडी दोन एक्झेकस्टार्ट दिसतात म्हणून तक्रार करतं. ‘पीआयडीफाइल’ही तशीच रिकामी करून टाक. शिवाय प्रोग्रॅम रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून चालतोय. वजनकाट्याचा सीरियल पोर्ट वाचायला डेबियनवर डायलआउट ग्रुपमधला साधा युजर पुरतो.

इथवर तुझं काम झालं. पण तू ‘खरं काय’ असंही विचारलंस, म्हणून पुढं लिहितो.

त्या माणसानं युनिक्सच्या तत्त्वाचं नाव घेतलं. बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांनी १९७८ मध्ये ते लिहून ठेवलं : प्रत्येक प्रोग्रॅमनं एकच काम नीट करावं. सिस्टिमडीवर आरोप असा की ते बूट करतं, लॉग ठेवतं, लॉगिन सांभाळतं, डिव्हाइस ओळखतं, डीएनएस बघतं, घड्याळ लावतं. पॉटरिंगनं २०१३ मध्ये याला उत्तर दिलं की सगळे पर्याय चालू करून बांधलं तर ६९ वेगवेगळे बायनरी (सुटे चालणारे प्रोग्रॅम) तयार होतात, मग एकच मोठा धोंडा कसा म्हणता. आकडा खरा होता, तरी लोकांचं समाधान झालं नाही. का, ते उद्यमनगरातल्या कुठल्याही फिटरला विचार. यंत्राचे सुटे भाग ६९ असतील, पण ते बोल्टनं जोडलेत की वेल्ड केलेत? बोल्ट असेल तर एक भाग काढून दुसऱ्या कारखान्याचा बसवता येतो. वेल्ड केलं असेल तर भाग कितीही असू देत, यंत्र एकच.

मी या सगळ्या वादाकडे त्याच नजरेनं बघतो. मोठं का लहान, नवीन का जुनं, हे विचारून हाती काही लागत नाही. सांधा कुठं आहे आणि तो बोल्टचा आहे का, हे विचार.

काही सांधे खरंच वेल्ड झाले. डिव्हाइस ओळखणारं यूडेव्ह आधी स्वतंत्र होतं, २०१२ मध्ये ते सिस्टिमडीच्या सोर्समध्ये विलीन झालं. जेंटू या लिनक्सच्या लोकांनी त्याच वर्षी ईयूडेव्ह नावाचा फाटा काढला, कारण त्यांना ते सुटं हवं होतं. लॉगिन सांभाळणारं लॉगिनडी तसंच. नोम डेस्कटॉप त्याच्यावर विसंबायला लागला आणि सिस्टिमडी न वापरणाऱ्यांची पंचाईत झाली. शेवटी कुणाला तरी लॉगिनडी उचकटून ईलॉगिनडी वेगळं काढावं लागलं. ‘नको असेल तर वापरू नका’ हे वाक्य त्या दिवसापासून पूर्ण खरं राहिलं नाही. डेबियनमध्ये २०१४ च्या फेब्रुवारीत तांत्रिक समितीची मतं सिस्टिमडी आणि अपस्टार्टमध्ये चार-चार अशी अडकली आणि अध्यक्ष बिडेल गार्बी यांच्या निर्णायक मतानं सिस्टिमडी आलं. त्या वर्षअखेरीस समितीतल्या काहींनी राजीनामे दिले, डेव्हुआनची घोषणा झाली आणि २०१७ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. इनिट, म्हणजे पीआयडी १ चा प्रोग्रॅम, निवडताना माणसं इतकी का दुखावली, असं नव्या पोरांना वाटतं. आपण आजवर जे सुटं काढू शकत होतो ते आता काढता येणार नाही, ही त्यांची भीती होती. मला ती अजूनही रास्त वाटते.

वेल्ड किती महाग पडतं हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसलं. ही गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. एक्सझेड नावाची फाइल आवळण्याची लायब्ररी आहे. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून मागचं दार बसवलं. निशाणा होता एसएसएच सर्व्हर, म्हणजे दुरून मशीनवर लॉगिन करू देणारा प्रोग्रॅम. आता ओपनएसएसएचचा मूळ कोड एक्सझेड वापरतच नाही. मग दार तिथं पोचलं कसं? डेबियन आणि फेडोरासारख्यांनी आपल्या एसएसएचला एक पॅच लावला होता, सर्व्हर तयार झाला की सिस्टिमडीला कळवण्यासाठी. तेवढ्यासाठी लिबसिस्टिमडी ही पूर्ण लायब्ररी जोडली. लिबसिस्टिमडीत जर्नल (सिस्टिमडीचा लॉग) वाचायचा कोडही असतो, जर्नल आवळलेलं असतं, म्हणून ती एक्सझेडची लायब्ररी ओढते. अशी साखळी. एका साध्या निरोपासाठी जगातल्या सर्वांत नाजूक सर्व्हिसच्या पोटात परकी लायब्ररी गेली. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, तो खोदत गेला आणि म्हणून जग वाचलं.

आणि तो निरोप केवढा? सिस्टिमडी प्रोग्रॅमला एका सॉकेटचा पत्ता ‘नोटिफाय सॉकेट’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये देतं. तिथं ‘रेडी=१’ एवढा मजकूर टाकायचा, झालं. कुठल्याही भाषेत दहावीस ओळी. सिस्टिमडीनं बोल्टचं भोक नीट आखून, लिहून ठेवलं होतं. लोकांनी ते सोडून सोयीसाठी वेल्ड केलं. त्याच वर्षी ओपनएसएसएच ९.८ मध्ये त्यांनी तो निरोप स्वतःच, लायब्ररीशिवाय पाठवायला सुरुवात केली. सिस्टिमडीनंही आवळण्याच्या लायब्ररी लागतील तेव्हाच उघडायची पद्धत आणली. म्हणजे दोन्ही बाजूंनी वेल्ड कापून बोल्ट लावला. या घटनेवरून कुणी म्हणालं की सिस्टिमडीमुळे मागचं दार घुसलं, तर ते अर्धवट आहे. सिस्टिमडीचा काही संबंधच नाही असं म्हणालं तर तेही अर्धवटच आहे.

दुसरी खरी तक्रार स्वभावाची आहे, आणि मला ती पहिल्यापेक्षा जास्त टोचते. आपल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या पातळीनंच ते उघडतात. भोगावती, पंचगंगेच्या काठची गावं त्या दरवाजांवर विश्वास ठेवतात, कारण पाणी कुठवर आलं की दरवाजा उघडणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. उद्या कुणी ती पातळीच बदलली आणि खालच्या गावांना नीट कळवलं नाही, तर दरवाजाची रचना कितीही उत्तम असो, गावं चिडणारच.

सिस्टिमडीनं हे केलंय. २०१६ च्या मे महिन्यात २३० या आवृत्तीत ठरलं की युजरनं लॉगआउट केलं की त्याचे मागे राहिलेले प्रोसेस मारायचे. स्क्रीन किंवा टीमक्समध्ये (लॉगआउटनंतरही काम चालू ठेवणारे प्रोग्रॅम) रात्रभराचं काम लावून घरी जाणारी शेकडो माणसं होती, मीही त्यातला. ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ देऊन आपले प्रोसेस मागे राहू द्या की, हे उत्तर होतं. उत्तर चूक नव्हतं. पण तीस वर्षांची सवय एका डीफॉल्टनं मोडताना ज्यांचं काम बुडणार त्यांच्या बाजूनं विचार झाला नाही. डेबियननं ते डीफॉल्ट आपल्याकडे उलटं करून ठेवलं, त्यांचे आभार. २०१७ मध्ये आकड्यानं सुरू होणारं युजरनेम युनिट फाइलमध्ये दिलं तर सिस्टिमडी ती ओळ अवैध म्हणून सोडून द्यायचं आणि सर्व्हिस रूट म्हणून चालवायचं. सुरक्षेच्या ओळीत गडबड दिसली तर थांबायचं, पुढे रेटायचं नाही, हे कुणीही सांगेल. पहिलं उत्तर मात्र ‘हा बग नाही’ असं आलं, दुरुस्ती नंतर झाली. २०२४ मध्ये २५६ व्या आवृत्तीत टीएमपीफाइल्स या सिस्टिमडीच्या फाइली तयार करणाऱ्या आणि पुसणाऱ्या प्रोग्रॅमला ‘पर्ज’ नावाचा नवा पर्याय दिला. नाव तात्पुरत्या फाइलींचं, पण तो नुसता चालवला तर होम फोल्डरही पुसायचा, कारण होम तयार करायची ओळ त्याच यादीत असते. २५६.१ मध्ये त्याला अडसर घातला.

यांतली एकही चूक रचनेच्या पायातली नाही. सगळ्या चुका आपण बदललं तर कुणाचं काय मोडेल याची पुरेशी काळजी न घेतल्याच्या आहेत. कर्नलमध्ये लायनस टोरवाल्ड्स वापरणाऱ्याचं काही मोडू द्यायचं नाही यावर इतका अडून बसतो, त्याचं मोल मला वय वाढतंय तसं जास्त कळतंय. २०१४ मध्ये कर्नलचा ‘डीबग’ हा शब्द सिस्टिमडीही वाचायचं आणि लॉगचा पूर आणायचं, त्यावरून त्यानं के सीव्हर्सचे पॅच घ्यायचं थांबवलं होतं, तेही याच कारणानं.

जर्नलच्या बायनरी लॉगवरून खूप भांडण झालं. माझं मत मध्येच बदललं, ते सांगतो. सुरुवातीला मी पूर्ण विरोधात होतो. लाइट वरचेवर जाणाऱ्या ठिकाणी बायनरी फाइल म्हणजे अर्धवट लिहिली गेली की गेली, असं वाटायचं. प्रत्यक्षात अचानक बंद पडल्यावर जर्नल ती फाइल बाजूला ठेवतं आणि नवीन सुरू करतं, जुनीतलं बहुतेक वाचता येतं. आणि ‘जर्नलसीटीएल -बी -१’ देऊन मागच्या बूटला मरण्याआधी काय झालं ते एका ओळीत समोर येतं, हे सुख मजकुराच्या लॉगमध्ये ग्रेपनं शोधून मिळत नव्हतं. तरी एक शंका राहतेच. मशीन उठतच नसेल आणि डिस्क काढून दुसऱ्या, जुन्या मशीनला लावली असेल, तर मला साधा मजकूर हवा असतो, जो कुठल्याही एडिटरनं उघडेल. डेबियन १२ पासून आरसिसलॉग, म्हणजे साध्या मजकुरात लॉग लिहिणारा प्रोग्रॅम, आपोआप बसत नाही. मी तो सगळ्या कारखान्यांत आठवणीनं बसवतो, तूही बसव. दोन्ही शेजारी शेजारी आनंदानं चालतात. इथं बोल्ट आहे, मग भांडायचं कशाला?

नेटवर्क कार्डांच्या नावांचंही तसंच. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात एका गिऱ्हाइकाच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात पाणी शिरलं. डिस्क वाचली, मशीन गेलं. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर ते उठलं, पण नेटवर्क नाही. कार्डाचं नाव आता त्याच्या स्लॉटवरून पडतं, मशीन बदललं की नाव बदलतं, आणि पत्ता जुन्या नावाला बांधलेला. शेजारी उभा असलेला जुना सहकारी म्हणाला, ईटीएच० हे जुनं नाव असतं तर ही वेळ आली नसती. मी त्याला आठवण दिली की तेव्हा यूडेव्ह कार्डाचा मॅक पत्ता (कार्डावर कोरलेला नंबर) एका फाइलीत लिहून ठेवायचं आणि नवीन मशीनवर नवं कार्ड ईटीएच१ व्हायचं. तेव्हाही रात्री हेच केलं होतं आपण, फक्त विसरलो. सिस्टिमडीच्या डॉट-लिंक फाइलमध्ये मॅक पत्त्याला आपण ठरवलेलं नाव बांधून ठेवलं तर मशीन बदलल्यावर एकच ओळ बदलायला लागते.

डेस्कटॉपवरच्या भांडणांबद्दल थोडंच लिहितो, तुझ्या सर्व्हरला त्याची गरज नाही. पण सांध्याची गोष्ट तिथं फार स्पष्ट दिसते. आवाजासाठी पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आलं, फेडोरा ३४ मध्ये २०२१ ला ते डीफॉल्ट झालं. सुरुवातीची किरकोळ कुरकुर सोडली तर मोठं भांडण झालं नाही, कारण पाइपवायरनं पल्सऑडिओचीच बोली बोलायची ठेवली. जुने प्रोग्रॅम त्याच भोकात तसेच बसले. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्सच्या जागी वेलँड २००८ मध्ये सुरू झालं, फेडोरानं ते २०१६ मध्ये डीफॉल्ट केलं, तरी वाद इतकी वर्षं धुमसत राहिला. स्क्रीन शेअर, रिमोट डेस्कटॉप, स्क्रीनशॉट, सगळ्यांची जुनी भोकं बुजली आणि नवीन आखायला वेळ लागला. एक्सपेक्षा वेलँडची सुरक्षेची रचना बरीच चांगली आहे, माझ्या लॅपटॉपवर तेच आहे. पण लोकांनी ओरडा केला तो उगाच केला असं मी म्हणणार नाही.

मग डेव्हुआन कधी? तुमच्याकडे असा माणूस कायम असेल ज्याला ती पद्धत मनापासून येते, आणि तो रजेवर गेला तरी दुसरा असेल, तेव्हा जरूर. छोट्या डब्यांवर, जिथं एकच काम आहे आणि मेमरी तोकडी आहे, तिथं मी स्वतः अल्पाइन हे छोटं लिनक्स वापरतो. त्याचं इनिट, ओपनआरसी, मला आवडतं. व्हॉइड लिनक्सचं रनिटही देखणं आहे, सगळी सर्व्हिस एका छोट्या रन स्क्रिप्टवर उभी. हे जिवंत राहायला हवेत. सांधे बोल्टचे राहतात ते यांच्यासारख्यांनी सतत भाग काढून बघितल्यामुळेच. पण तुझ्या फौंड्रीत उद्या तू नोकरी बदललीस तर जो पॉलिटेक्निकचा पोरगा येईल त्याला सिस्टिमसीटीएल येत असेल. रात्रपाळीला हीट लागलेली असताना त्यानं पहिल्यांदाच जुन्या पद्धतीतलं रनलेव्हल म्हणजे काय हे शोधत बसू नये. मी निर्णय घेताना याला सगळ्यात जास्त वजन देतो.

यूपीएसचं राहिलं. एखादी सर्व्हिस थांबायला नकार देत असेल तर सिस्टिमडी मुळात ९० सेकंद वाट बघतं, मग मारतं. तुझ्या यूपीएसला पाच मिनिटांचा दम आहे असं तू लिहिलंस, पण बॅटरी जुनी झाली की ते दीड मिनिटावर येतं आणि शटडाउन मध्येच तुटतो. तुझ्या प्रोग्रॅमला दहा सेकंदांत थांबता येत असेल तर ‘टाइमआउटस्टॉपसेक=२०’ दे.

आता असं कर. रविवारी भट्टी बंद असताना सर्व्हर आणि स्विच दोघांचीही वीज एकदम काढ आणि एकदम दे. कीबोर्डला हात लावू नकोस. दहा मिनिटं थांब, मग ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ बघ. ‘रिस्टार्टसेक’ नीट बसलं असेल तर लॉगमध्ये दहा-दहा सेकंदांच्या अंतरानं काही अपयशी प्रयत्न आणि नंतर एक यशस्वी दिसेल. तेच तीनदा कर, तिसऱ्यांदा डेटाबेसचं मशीन मुद्दाम पाच मिनिटं उशिरा चालू कर. नाही उठला तर ‘जर्नलसीटीएल -बी -यू’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव देऊन जे येईल ते सगळं पाठव, शेवटच्या दहा ओळीच नकोत.